पाठीवर पिशवी, वाटेवर सण

‘हंगाम’ हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूत हंगाम म्हणजे वेळ, प्रसंग. आणि हंगामा म्हणजे गडबड, गोंधळ. मराठीत हंगाम म्हणजे मोसम. पेरणीचा हंगाम, आंब्याचा हंगाम. ‘मोसम’ हा शब्दही तुमच्या ओळखीचाच आहे. तो मूळचा अरबी. जुन्या काळी अरबस्तानात जत्रांच्या आणि हजयात्रेच्या ठरलेल्या दिवसांना मौसिम म्हणत. म्हणजे सण, ऋतू आणि प्रवास यांची गाठ त्या एका शब्दातच बांधलेली आहे. आपल्या देशात गणेशोत्सवापासून कार्तिक पौर्णिमेपर्यंतच्या दोन-अडीच महिन्यांत एखादा प्रवास करून पाहावा. हंगाम आणि हंगामा हे दोन्ही शब्द एकाच वेळी खरे का ठरतात, ते लगेच कळते.

हे दिवस सणांचे का झाले? पावसाळा ओसरलेला असतो. नद्यांचे पूर उतरतात, चिखलाच्या वाटा वाळतात, खरिपाचे पीक हाताशी येते. शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. पूर्वी याच दिवसांत व्यापाऱ्यांचे तांडे निघत, यात्रेकरू घराबाहेर पडत. मराठ्यांच्या फौजाही दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. तेव्हा दसरा हा सण जितका घरातला, तितकाच वाटेवरचाही होता.

आज या दिवसांत आणखी एक प्रवासी तुम्हांला स्टेशनावर दिसेल. त्याच्याजवळ ट्रंक नसते, वळकटी नसते. पाठीवर एक उंच पिशवी असते. तिला कोणी सॅक म्हणतात, कोणी पाठपिशवी. साध्या डब्यातून किंवा एस.टी.तून जायचे, धर्मशाळेत किंवा युवक वसतिगृहात उतरायचे, पायी हिंडायचे आणि कमी पैशांत जास्त दिवस काढायचे, अशी त्याची रीत असते. १९६० ते १९७५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतील अनेक तरुण अशा पिशव्या घेऊन तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान या मार्गाने जमिनीवरून भारतात येत. १९७९ साली इराणात राज्यक्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियाच्या फौजा शिरल्या आणि ती वाट बंद पडली. पण असे हिंडणे आपल्याकडे त्यांच्यामुळे आले, असे मात्र समजू नका. इब्न बतूता १३३३ साली सिंधू नदी ओलांडून हिंदुस्थानात आला, तो आधीच अर्धे जग पाहून. १८५७ साली कोकणातल्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे उत्तर हिंदुस्थानात गेले, ऐन बंडाच्या धामधुमीत सापडले आणि गंगेची कावड घेऊन परत आले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध आहे. पिशवीची शिवण तेवढी नवी आहे.

आणखी चार-पाच वर्षांनी तुम्ही महाविद्यालयात असाल, आणि दोन-तीन मित्र मिळून अशा प्रवासाचा बेत कराल. त्या वेळी उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथे सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट पंचांगाची. सणाच्या दिवसांत फिरायचे, तर सण केव्हा आहे हे आधी कळायला हवे. आणि इथेच नवखा माणूस चुकतो. गेल्या वर्षी दसरा अमुक तारखेला होता, म्हणून या वर्षीही त्याच सुमारास असेल, असा तो हिशेब करतो. तुम्ही मात्र असे चुकणार नाही, कारण तुमच्या घरात हिजरी कॅलेंडर असते. हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. रमजान ईद २०२३ साली २२ एप्रिलला, २०२४ साली ११ एप्रिलला आणि २०२५ साली ३१ मार्चला झाली. अशी मागे सरकत सरकत ती सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते. अजमेरचा उरूसही रजब महिन्यात भरत असल्यामुळे तसाच फिरतो.

हिंदू पंचांगातले महिनेही चंद्रावरच चालतात. दसरा २०२३ साली २४ ऑक्टोबरला होता, २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला. इथपर्यंत चाल ईदसारखीच आहे. पण असेच चालू राहिले असते, तर दसरा कधी भर पावसात आणि कधी कडक उन्हाळ्यात आला असता. तसे होऊ नये म्हणून सुमारे दोन वर्षे आठ महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात. त्याला अधिक महिना म्हणतात. २०२६ साली ज्येष्ठ महिना अधिक आहे, त्यामुळे त्या वर्षीचा दसरा एकदम पुढे, २० ऑक्टोबरला जातो. म्हणून बेत आखताना तारीख पाठ करून भागत नाही. त्या वर्षाचे कॅलेंडर समोर ठेवावे लागते.

दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची आहे. सणाच्या गर्दीला जशी वेळ असते, तशीच दिशाही असते.

मुंबईतील लोकमान्य टिळक टर्मिनस किंवा वांद्रे टर्मिनस येथे दिवाळीच्या आठवड्यात जाऊन पाहा. पाटणा, दरभंगा, गोरखपूर या बाजूच्या गाड्यांसाठी फलाटावर रांगा लागलेल्या असतात. हे लोक मौजेखातर निघालेले नसतात. कोणी इमारतींवर काम करणारे, कोणी टॅक्सी चालवणारे, कोणी कारखान्यात राबणारे. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठपूजा येते. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातील लोकांना हा सण घरीच करायचा असतो. घरातील स्त्रिया दीड दिवस पाणीही न घेता व्रत करतात, आणि नदीत किंवा तळ्यात उभे राहून मावळत्या व उगवत्या सूर्याला अर्घ्य देतात. वर्षभर परमुलखात राहिलेला मुलगा त्या दिवशी घाटावर आई-बहिणीची टोपली डोक्यावर घेऊन चालतो. त्यासाठी तो छत्तीस-छत्तीस तास उभ्याने प्रवास करतो.

आता पाठपिशवीवाल्याची गोष्ट पाहा. त्याला अमुक दिवशी अमुक घरी पोहोचायचेच आहे, असे काही नसते. तो दोन दिवस आधी जाऊ शकतो, चार दिवस नंतर जाऊ शकतो, दुसऱ्या वाटेने जाऊ शकतो. ज्याला हे स्वातंत्र्य आहे, त्याने या गर्दीच्या उलट दिशेने प्रवास आखावा. दिवाळीपूर्वी मुंबईहून पाटण्याकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. त्याच दिवसांत पाटण्याहून मुंबईकडे येताना मात्र जागा मिळणे पुष्कळ सोपे असते. छठ झाली, की हे चित्र उलटे होते. रेल्वे या काळात जादा गाड्या सोडते, तरीही त्या पुरत नाहीत. आपल्या हौसेसाठी आपण अडवलेली एक जागा म्हणजे कोणाचा तरी हुकलेला सण, हे ध्यानात ठेवले तर बेत आखताना बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

आरक्षणाचे नियमही माहीत असावेत. पूर्वी १२० दिवस आधी तिकीट काढता येई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांची झाली आहे. सणाच्या दिवसांतील जागा पहिल्याच सकाळी संपतात, तेव्हा कॅलेंडरात सणाच्या आधीचा साठावा दिवस खूण करून ठेवावा. प्रतीक्षायादीतले तिकीट घरबसल्या ऑनलाइन काढलेले असेल आणि आरक्षणाचा तक्ता तयार होईपर्यंत जागा मिळाली नाही, तर ते आपोआप रद्द होते. ते घेऊन आरक्षित डब्यात चढता येत नाही. १३९ हा रेल्वेच्या चौकशीचा व मदतीचा क्रमांक पाठ असू द्यावा.

आता पिशवीकडे वळू. पिशवी भरणे ही एक कलाच आहे, पण तिचे शास्त्र सोपे आहे. ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त असू नये. ५० किलो वजनाच्या मुलाने १० किलोच्या वर जाऊ नये. ६-७ किलोत भागले तर फारच चांगले. जड वस्तू पिशवीच्या मध्यावर आणि पाठीला लागून ठेवाव्यात. त्या तळाशी गेल्या तर पिशवी खाली ओढते, आणि बाहेरच्या बाजूस गेल्या तर मागे खेचते. कमरेचा पट्टा नुसता शोभेचा नसतो. तो घट्ट बांधला, म्हणजे बहुतेक भार खांद्यांवरून उतरून कमरेच्या हाडांवर येतो आणि मैलोन् मैल चालता येते. आत काय असावे? अंगावरचे सोडून दोन जोड कपडे, टॉवेलाऐवजी पातळ पंचा, एक चादर, पाण्याची बाटली, बॅटरी, कुलूप आणि साखळी, नेहमीची औषधे, ओआरएसची पुडी, ओळखपत्र, आणि घरचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद. मोबाइल हरवला तर क्रमांकही त्याच्याबरोबर जातात, म्हणून कागद. कुलूप विसरू नका. स्टेशनावरच्या सामानघरात, म्हणजे क्लोक रूममध्ये, बिनकुलपाचे सामान ठेवून घेत नाहीत.

आता एक प्रत्यक्ष वाट धरून जाऊ. दसऱ्याच्या आधी कोलकाता, तेथून दिल्लीवरून कुल्लू, आणि शेवटी कार्तिक पौर्णिमेला वाराणसी. ही सगळी वाट एका दमात केलीच पाहिजे असे नाही. दसऱ्यापासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत सुमारे पाच आठवडे जातात. पण एक सण जेथे संपतो, तेथून दुसरा कसा सुरू होतो, हे या वाटेवर चांगले दिसते.

मुंबईहून नागपूरमार्गे हावडा सुमारे १,९७० किलोमीटर आहे. कोलकात्याला पूजेच्या ऐन दिवसांत सगळेच जातात. मी म्हणेन, आठ-दहा दिवस आधी जा आणि कुमारटुलीत हिंडा. हा मूर्तिकारांचा जुना मोहल्ला. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना कारखाने. बांबूच्या सांगाड्यावर पेंढा बांधून आधी देवीचा आकार करतात, त्यावर नदीच्या मातीचे थर चढवतात, वाळवतात, रंगवतात. डोळे सर्वांत शेवटी. महालयेच्या, म्हणजे सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी डोळे काढण्याची परंपरा आहे. मूर्तीचे लांब काळे केस तागाचे असतात, आणि ते तयार करण्याचे काम हावडा जिल्ह्यातील मुसलमान कुटुंबे कित्येक वर्षे करत आली आहेत. मंडपात दिसणाऱ्या झगमगाटाहून मला ही गल्ली अधिक मोलाची वाटते, कारण सण कोणाच्या हातांतून तयार होतो ते इथे दिसते.

सियालदह स्टेशनाबाहेरही असेच एक दृश्य असते. पूजेच्या आधी खेड्यापाड्यांतून ढाकी, म्हणजे ढाक नावाचा मोठा ढोल वाजवणारे, तेथे येऊन बसतात. मंडळाचे लोक येतात, वाजवून पाहतात, मजुरी ठरते आणि ढाकी त्यांच्याबरोबर जातो. चार दिवसांच्या त्या कमाईवर त्याच्या घरची बरीच गणिते अवलंबून असतात.

षष्ठीपासून दशमीपर्यंत अवघे शहर रात्रभर जागे असते. १९८४ साली सुरू झालेली कोलकात्याची मेट्रो ही देशातील पहिली. पूजेच्या रात्री ती उशिरापर्यंत धावते. डिसेंबर २०२१ मध्ये कोलकात्याच्या दुर्गापूजेची युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला एका गोष्टीचे नवल वाटते. आपल्याकडे नवरात्र म्हणजे उपवास. बंगालात मात्र हेच दिवस खाण्यापिण्याचे. मासे, मटण, बिर्याणी, सगळे चालते. कोलकात्याच्या बिर्याणीत बटाटा असतो. अवधचे नवाब वाजिद अली शाह यांना इंग्रजांनी १८५६ साली गादीवरून काढले, त्यानंतर ते कोलकात्याच्या मटियाबुर्ज भागात येऊन राहिले. ही बिर्याणी त्यांच्या खानसाम्यांबरोबर आली असे सांगतात. तेव्हा सण एक असला तरी त्याची रीत प्रत्येक मुलखात निराळी असते. आपल्याकडची रीत डोक्यात ठेवून दुसऱ्याला ‘तुम्ही हे कसे काय खाता?’ असे विचारू नये.

येथे गर्दीविषयी सविस्तर सांगायला हवे, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, मुंबईच्या तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे दगावली. पाऊस आला म्हणून लोक पुलावर थांबून राहिले, आणि गाड्यांतून उतरलेली माणसे मागून येतच राहिली. ‘फूल पडले’ हे शब्द कोणी ‘पूल पडला’ असे ऐकले आणि घबराट पसरली, असे काही प्रत्यक्षदर्शींनी सांगितले होते. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरची गाडी फलाटाला लागत असतानाच लोक तिच्यात चढू लागले आणि चेंगराचेंगरीत काही प्रवासी जखमी झाले.

गर्दीत माणसे पायांखाली येऊनच मरतात असे नाही. बरीच माणसे उभ्याउभ्या गुदमरतात. एक चौरस मीटर जागेत पाचाहून अधिक माणसे दाटली, की कोणाच्याही हालचाली त्याच्या स्वतःच्या ताब्यात राहत नाहीत. मागचा धक्का पाण्याच्या लाटेसारखा पुढे जातो. छातीवर चहूबाजूंनी दाब येतो आणि श्वास घेता येत नाही. म्हणून दोन्ही हात घडी करून छातीसमोर धरावेत. श्वासापुरती जागा राहते. लाटेविरुद्ध रेटा देऊ नये. दोन धक्क्यांच्या मध्ये जी उसंत मिळते, तिचा फायदा घेऊन तिरके तिरके कडेला सरकावे. चप्पल पडली, मोबाइल पडला, तरी वाकू नये. पडलोच, तर कुशीवर वळून पाय पोटाशी घ्यावेत आणि डोके हातांत झाकावे. आणि मुख्य म्हणजे पाठपिशवी घेऊन गर्दीत शिरूच नये. ती आपल्याला दिसत नाही, पण मागच्या माणसाच्या नेमकी छातीवर येते. सामानघरात ठेवावी, तेही जमले नाही, तर पुढे पोटावर घ्यावी. मित्रांची चुकामूक झाली तर भेटायचे ठिकाण आधीच ठरवावे, आणि ते मंडपाच्या दारात नसावे.

दशमीला हुगळीच्या घाटांवर विसर्जन होते. त्याच रात्री हावड्याहून कालक्याची गाडी धरता येते. ही फार जुनी गाडी. १८६६ साली कोलकाता ते दिल्ली अशी सुरू झाली, पुढे कालक्यापर्यंत गेली. कालका मेल या नावाने ती प्रसिद्ध होती. २०२१ साली तिला नेताजी एक्सप्रेस हे नाव मिळाले. सुमारे १,७०० किलोमीटरच्या या प्रवासात दोन रात्री गाडीतच जातात.

वाटेत दिल्ली लागते. तेथे मेहरौलीत ‘फूल वालों की सैर’ हा उत्सव भरत आला आहे. त्याच्यावर मिर्झा फरहतुल्ला बेग यांनी उर्दूत सुंदर लिहिले आहे. ते तुम्ही मिळवून वाचा. दुसऱ्या अकबर बादशहाच्या काळात तो सुरू झाला. पावसाळा सरल्यावर लोक फुलांचे पंखे मिरवत नेत. ख्वाजा बख्तियार काकी यांच्या दर्ग्यावर फुलांची चादर आणि योगमायेच्या देवळात फुलांचा पंखा, अशी रीत होती. १९४२ साली इंग्रज सरकारने तो बंद केला, आणि स्वातंत्र्यानंतर १९६० च्या पुढे पंडित नेहरूंच्या प्रोत्साहनाने तो पुन्हा सुरू झाला. याच्या तारखा पंचांगात नसतात, आयोजक ठरवतात. म्हणून वाट वाकडी करण्यापूर्वी चौकशी करावी.

कालक्याहून पुढे डोंगरी रस्ता. सर्व देशात दसरा संपतो, त्या दिवशी कुल्लूचा दसरा सुरू होतो आणि सात दिवस चालतो. येथे रावणाचे पुतळे जाळत नाहीत. सतराव्या शतकात राजा जगतसिंहाने अयोध्येहून रघुनाथाची मूर्ती आणवली, तेव्हापासून रघुनाथ हा येथला मुख्य देव. पहिल्या दिवशी ढालपूरच्या मैदानात लोक दोर धरून त्याचा रथ ओढतात. खोऱ्यातल्या गावोगावचे दोनशेच्या वर देव पालख्यांत बसून त्याच्या भेटीला येतात. काही देव दोन-दोन, तीन-तीन दिवस डोंगर उतरून येतात, अर्थात भोई आणि वाजंत्री यांच्या पायांनी. मनालीची हिडिंबादेवी आल्याशिवाय उत्सवाला आरंभ होत नाही. मैदानात प्रत्येक देवाचा तंबू ठरलेल्या जागी लागतो. मानपान काटेकोर असतो. पालखीला हात लावू नये. फोटो काढायचा असेल तर बरोबरच्या माणसाला आधी विचारावे. आपल्यासाठी तो देखावा असतो, त्याच्यासाठी तो घरचा वडीलधारा असतो.

कोलकात्याच्या घामाघूम हवेतून आलेल्या प्रवाशाची येथे थंडीने गाळण उडते. कुल्लू समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे आणि ऑक्टोबरातल्या रात्री गार असतात. एक स्वेटर पिशवीत असलाच पाहिजे. खोल्या मिळत नाहीत, म्हणून दहा किलोमीटर अलीकडे भुंतरला उतरावे. निघण्यापूर्वी रस्ता चालू आहे का, हे बसस्थानकावर विचारून घ्यावे. २०२३ आणि २०२५ च्या पावसाळ्यांत मंडी-कुल्लू रस्ता दरडी कोसळून वारंवार बंद पडला होता.

शेवटचा मुक्काम वाराणसी. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी, कार्तिक पौर्णिमेला, येथे देवदिवाळी असते. संध्याकाळी गंगेच्या सगळ्या घाटांच्या पायऱ्यांवर पणत्या लागतात. त्यांतला पंचगंगा घाट आवर्जून पाहावा. तेथे अहिल्याबाई होळकरांनी बांधलेली दगडी दीपमाळ आहे. तिला हजारा म्हणतात. घाटाच्या वर आलमगीर मशीद आहे. जवळच बालाजीचे देऊळ आहे, आणि त्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षे सनईचा रियाज करत. २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले. थोडे मागे वळून मदनपुरा मोहल्ल्यात गेलात, तर हातमागाची खटखट ऐकू येईल. बनारसी शालू तेथे विणले जातात, आणि विणणारे बहुतेक अन्सारी असतात.

देवदिवाळीच्या रात्री नावांचे व खोल्यांचे भाव अनेक पटींनी चढतात. नावेचे पैसे बसण्यापूर्वी ठरवावेत, आणि नाव गच्च भरलेली असेल तर उतरून घाटावरूनच पाहावे. दिवे घाटावरूनही तेवढेच दिसतात. राहण्यासाठी गंगेपलीकडचे मुगलसराय सोयीचे आहे. २०१८ पासून त्या स्टेशनाचे नाव पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन असे आहे. तेथे किंवा उत्तरेतल्या कोणत्याही मोठ्या स्टेशनावर रात्र काढायची वेळ आली, तर ‘मुसाफिरखाना’ अशी पाटी शोधावी. तिचा अर्थ तुम्हांला कोणी सांगायला नको.

परतीचे तिकीट मात्र घरून निघण्यापूर्वीच काढलेले असावे. देवदिवाळीपर्यंत छठ होऊन आठ-दहा दिवस झालेले असतात, आणि गावी गेलेले लोक कामावर परतू लागलेले असतात. मुंबईकडे येणाऱ्या गाड्या आता भरून येतात. या परतणाऱ्या लोकांच्या सामानात घरच्या ठेकुव्याचा एखादा डबा हमखास असतो. गव्हाचे पीठ आणि गूळ घालून तळलेला हा छठचा प्रसाद पुष्कळ दिवस टिकतो. रात्री जेवणाची वेळ झाली, की डबा उघडतो आणि शेजारच्या अनोळखी मुलापुढेही येतो.